चार माणसांची गाडी

१२ जानेवारी

धाकटे,

फोन करायचा नाही असं तू बजावलं होतंस. तो शब्द मी मोडलेला नाही. पत्राबद्दल तू काहीच बोलली नव्हतीस.

फोन बंद केलास ते बरंच केलंस म्हणा. तो वाजला की दोन्ही घरांतले पुरुष कान टवकारायचे. फोन ठेवला की "काय म्हणत होता तो? माझ्याबद्दल काही बोलला?" सुरू, आणि आपण दोघी जावा मधल्यामध्ये भरडल्या जायचो. पण पत्र वाजत नाही गं. तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर टाकतेय, म्हणजे भावजींच्या हाती पडायला नको.

बातमी अशी की आम्ही परदेशी चाललोय. फिरायला. हस, हस. मलाही ऐकताना हसूच येतं.

त्याचं झालं असं. एका गिऱ्हाइकाने झुलती खुर्ची दुरुस्तीला आणली. तळ्यांच्या देशातली, त्याच्या आजोबांनी बोटीतून आणलेली. यांनी ती उलटी केली, सुलटी केली, सगळीकडून हात फिरवला. कुठे खिळा नाही, स्क्रू नाही, सगळं नुसतं लाकडात लाकूड अडकवलेलं. मग दुरुस्ती राहिली बाजूला आणि हे तिच्यासमोर स्टूल टाकून बसले. मी चहा ठेवला, तो गार झाला. शेवटी म्हणाले, "देशाबाहेर पाऊल टाकायची कधी वेळ आलीच, तर ज्यांनी हे सांधे केले त्यांच्या गावी टाकीन."

बोलून गेले बिचारे. पण माझ्या कानावर पडलेला शब्द परत जात नसतो, तुला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी यांना पासपोर्टच्या फोटोसाठी उभं केलं. फोटोवाला म्हणाला, "हसायचं नाही हं काका." हे म्हणाले, "मी कधी हसतो?" मग तो म्हणाला, "तेवढी कपाळावरची आठी काढा." ती काही निघाली नाही. फोटोत हे शेजाऱ्याची कोंबडी चोरताना पकडल्यासारखे दिसतात, आणि मी त्या कोंबडीसारखी.

आता कामाचं. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून त्या देशाची चित्रं चिकटवलेली असायची, मासिकांतून कापलेली. गादीवर कापड ताणताना तू मला तिथल्या गोष्टी सांगायचीस. म्हणून विचारते, जायचं कधी? कुठल्या महिन्यात? एवढंच विचारायचं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी राग नाही.

इकडे सगळं ठीक आहे. खुर्च्यांच्या गाद्या आता मी एकटीच शिवते. हात दोनच असल्यामुळे कापड धरून ठेवायला गुडघा वापरते.

तुझी थोरली


९ फेब्रुवारी

धाकटे,

"मे महिन्याच्या शेवटी जा. आधी गेलात तर तळी गोठलेली असतील. दादांना लोकरीचे मोजे घ्या, त्यांचे पाय गार पडतात."

वर मायना नाही, खाली सही नाही. असू दे. दादांचे पाय गार पडतात हे लिहिलंस ना? मला पुरे.

यांना मी नुसतं म्हटलं, "मेच्या शेवटी जावं म्हणतात." "कोण म्हणतं?" "आहे एक माहितगार." यांनी पुढे काही विचारलं नाही. पण त्याच संध्याकाळी बाजारातून लोकरीचे मोजे घेऊन आले. मोज्यांबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं! तुझं कार्ड मी बटणांच्या डब्यात ठेवलं होतं. आता जागा बदललीय.

काल प्रवास कंपनीच्या ऑफिसात जाऊन आलो. कानाला हेडफोन लावलेली एक गोड मुलगी आहे तिथे. तिने मोठ्या उत्साहाने सहलीचा कागद वाचून दाखवला. सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, सातला नाश्ता, साडेसातला बस, मग किल्ला, मग संग्रहालय, मग दुसरा किल्ला. यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि सुट्टी कधी?"

तिला कळेना. "हीच सुट्टी आहे काका."

"बाळ, यापेक्षा कारखान्यात मी उशिरा जातो."

मग एकेक प्रश्न. विमानातल्या खुर्चीची पाठ किती मागे जाते? फोम कुठला असतो? मध्येच खिशातून टेप काढून तिचीच खुर्ची मोजली आणि म्हणाले, "पाठ दुखते ना तुझी? दुखणारच. ही खुर्ची तुझ्यासाठी केलेलीच नाही." गुडघे टेकून खालचा खटका फिरवला, बैठक वर घेतली. ती पोरगी बसली आणि बसल्याबसल्या "अय्या!" म्हणाली. त्यानंतर तिने खणातून दुसराच कागद काढला. स्वतःची गाडी, वाटाड्याच ड्रायव्हर, हवं तिथे थांबा, हवं तेव्हा उठा, एक दिवस नुसता तळ्याकाठी, काहीही न करता. मला तर ऐकूनच विश्रांती मिळाली.

पण ती गाडी चार माणसांची आहे.

परत येताना हे म्हणाले, "चौघं आणायचे कुठून?" मी नावं सुचवत गेले. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको? "नको. मी जेवताना तो माझ्या तोंडात बघत बसेल." माझी मावसबहीण आणि तिचा नवरा? "प्रत्येक डोंगरापाशी तो म्हणेल, याहून मोठा मी पाहिलाय." वरच्या मजल्यावरचे मास्तर? "ते रोज संध्याकाळी दिवसभरात काय शिकलात ते विचारतील." मग नावंच संपली.

धाकटे, तुम्ही दोघं याल का? भलता अर्थ काढू नकोस. प्रश्न गाडीचा आहे.

तुझी थोरली


३ मार्च

धाकटे,

अगं, चार पानं! पोस्टमनने जाड पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं, पासपोर्टचं काही तरी परत आलं. दाराशी उभ्यानेच वाचलं आणि मग बसून परत वाचलं.

तर भावजी म्हणतात, "दादाने बोलावलं तर येईन." बरं. आता इकडचं ऐक. मी काल जेवताना विषय काढला, "समजा, आपण बारक्याला विचारलं..." पुढचं बोलूच दिलं नाही. "मी कशाला विचारू? तो गेला तेव्हा मला विचारून गेला? यायचं तर वाट ठाऊक आहे त्याला." म्हणजे एकजण म्हणतो बोलावलं तर येईन, दुसरा म्हणतो आला तर बोलेन. दोघं एकाच आईची लेकरं, यात शंकेला जागा नाही.

आणि सहा वर्षांचा अबोला कशावरून, तर यंत्रावरून! बायकोवरून झालं असतं तर निदान आपल्याला तरी मिरवता आलं असतं. भावजींना कापायचं आणि घासायचं यंत्र आणायचं होतं, यांना नको होतं. तेवढ्यावर राहिलं असतं तर मिटलं असतं. पण हे गिऱ्हाइकासमोर बोलून बसले, "ज्याचा हात चालत नाही त्याला यंत्र लागतं." ते वाक्य भावजींना लागलं आणि त्यांनी दुसऱ्या गावात वेगळा कारखाना काढला. यांनी ते वाक्य परत घ्यायला हवं, असं मलाही वाटतं. पण यांच्याकडून बोललेलं परत घेणं म्हणजे टूथपेस्ट नळीत परत भरणं.

तेव्हा तुझी युक्ती मला शंभर टक्के पसंत. आपण वेगवेगळं नाव नोंदवायचं. दोघांनाही सांगायचं की गाडीत दुसरं एक जोडपं आहे, कंपनीने जुळवून दिलेलं. विमानतळावर समोरासमोर आले की बघू. सामान आत गेल्यावर माणूस पळून पळून जाणार कुठे?

मी कालच पेरणी केली.

"एक जोडपं मिळालंय. सज्जन आहेत म्हणे."

"करतात काय?"

"लाकडाचं काही तरी."

"वखार असेल. वखारवाले फार बोलतात. घोरतो का तो?"

"थोडंसं."

"तुला काय माहीत?"

मला ठसका लागला. पाणी प्यायला गेले ते बराच वेळ आले नाही.

तू भावजींना काय सांगितलंस म्हणे? 'निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची बडबडी बायको'? बडबडी होय गं? येऊ दे विमानतळावर, मग सांगते.

व्हिसाचे अर्ज मात्र जीव खातात. माझं नाव शाळेच्या दाखल्यात एक, लग्नानंतरच्या कागदात दुसरं आणि बँकेत तिसरंच. तिन्ही बायका मीच, हे सिद्ध करण्यात आठवडा गेला. यांच्या अर्जात प्रश्न होता, 'आमच्या देशात येण्याचा हेतू?' यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सांधे पाहणे.' हेडफोनवालीने कपाळावर हात मारला. "काका, पर्यटन लिहा हो. ते तुम्हाला हाडांचे डॉक्टर समजतील!"

पण खरं सांगू? अर्ज, झेरॉक्स, फोटो, सगळ्याचा वैताग येतो आणि संध्याकाळी नकाशा उघडला की तो कुठल्या कुठे जातो. जेवणाचं टेबल नकाशाने भरलंय. आम्ही आता ताटं मांडीवर घेऊन जेवतो. हे फोनवर तिकडची भाषा शिकतायत. महिनाभरात एकच वाक्य पाठ झालंय, 'हे कुणी बनवलं?' ते दिवसभर घोकत असतात. काल माझ्या आमटीकडे बघूनही तेच विचारलं, त्यामुळे मला हेतूबद्दल जरा शंका आहे.

तू हिरवा कोट घेतलास हे वाचून बरं वाटलं. मी निळा घेतलाय. फोटोत उठून दिसू.

तुझी थोरली


१६ एप्रिल

धाकटे,

घोटाळा झाला.

आज सकाळी हेडफोनवालीने घरी फोन केला. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, फोन यांनी उचलला. ती गुणी पोर काय म्हणाली माहीत आहे? "काका, गाडीतल्या दुसऱ्या जोडप्याचं आडनावही तुमचंच आहे आणि वडिलांचं नावही तेच. नातेवाईक आहात का? मग व्हिसाची वेळ एकत्रच घेते, सोयीचं पडेल." तिला सांगायचंच राहिलं गं! सगळ्यांना थापा मारल्या आणि जिला विश्वासात घ्यायला हवं होतं तिलाच विसरले.

मी खाली आले तर हे फोनपाशी उभे. ओरडले असते तर मला चाललं असतं. म्हणाले, "लाकडाचं काही तरी, काय?" आणि कारखान्यात निघून गेले. दुपारी जेवायला आले नाहीत. डबा घेऊन गेले तर पाठ फिरवून रंधा मारत होते. रंधा मारायला समोर काही कामच नव्हतं, नुसती एक फळी पातळ करत होते.

"जायचं नाही," म्हणाले. "आणि त्यालाही कळवून टाक. फसवून आणलेल्या माणसासोबत मी तळी बघणार नाही."

"फसवून आणलंय ते मला माझ्या जावेला भेटता यावं म्हणून," मी म्हटलं. "तुम्ही दोघं आमच्यासोबत येताय. सामान म्हणून."

हसले नाहीत.

संध्याकाळ झाली तरी तेच. पासपोर्ट कपाटावर नेऊन ठेवलेत. मला स्टुलावर चढूनही हात पुरत नाही तिथे. तू तुमचं काही रद्द करू नकोस. व्हिसाची वेळ गुरुवारची आहे. भावजींना अजून काही सांगितलं नसशील तर सांगू नकोस; सांगितलं असशील तर... काय लिहू? मला रडू येत नाहीये, राग येतोय. या वयात मी पहिल्यांदा कशासाठी तरी कॅलेंडरवर फुल्या मारत होते.

पाकीट चिकटवायच्या आधी, १७ तारखेची सकाळ:

उठले तर हे दाढी करून, इस्त्रीचा शर्ट कसा बसतो ते बघत आरशासमोर उभे. "हा गुरुवारसाठी बरा आहे का?" मी बघतच राहिले. म्हणाले, "वेळ घेऊन न जाणं बरं दिसत नाही. त्या पोरीने धावपळ केलीय. जाऊन येऊ. बाकीचं नंतर बघू."

पहिल्या पोस्टाने हे टाकतेय.

तुझी थोरली


२५ एप्रिल

धाकटे,

तुला सहा वर्षांनी बघून मला काय वाटलं ते लिहीत नाही. मला दाखवायला म्हणून भर उन्हाळ्यात घालून आलीस त्या हिरव्या कोटाच्या खांद्यावर माझं काजळ लागलंय, ते थंड पाण्याने धू.

पण व्हिसाच्या ऑफिसात तू आत खिडकीपाशी कागद लावत होतीस, तेव्हा बाहेर बाकावर काय झालं ते तुला माहीतच नाही. भावजी सांगणार नाहीत आणि यांनी तर आयुष्यात कधी काही सांगितलेलं नाही. मी खांबाआड उभी राहून सगळं ऐकलं. ते जसंच्या तसं तुला लिहिते.

आपण भेटलो तेव्हा दोघं कसे वागले ते तू पाहिलंसच. एक घड्याळाकडे बघतोय, दुसरा छताकडे. मग आधी यांना बोलावलं. काचेवर बोटं ठेवा म्हणाले. ठेवली. लाल दिवा. परत ठेवली. लाल दिवा. खिडकीतली बाई म्हणाली, "काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत. काय काम करता?" हे म्हणाले, "खुर्च्या." ती म्हणाली, "गरम पाण्याने हात धुऊन या, हे क्रीम चोळा आणि त्या बाकावर थोडा वेळ बसा. मग परत घेऊ." हे बाकावर जाऊन बसले, क्रीमची नळी हातात घेऊन, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

थोड्या वेळाने भावजी आले. ओले हात झटकत. त्यांनाही लाल दिवा! त्याच बाकावर पाठवलं. दुसरा बाक नव्हता, मी बघितलं.

बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून. क्रीमची नळी एकच, ती यांच्याकडे. यांनी बराच वेळ स्वतःची बोटं चोळली. मग नळी त्या रिकाम्या जागेत ठेवली. भावजींनी उचलली. दोघं समोर बघत बोटं चोळतायत.

मग हे म्हणाले, समोर बघतच, "तू तर यंत्र आणलंस ना?"

"आणलं."

"मग तुझी बोटं कशी झिजली?"

भावजी म्हणाले, "शेवटचा हात आपल्यालाच मारावा लागतो, दादा. हाताची कड, पाठीचा बाक... यंत्राला कळत नाही कुठे थांबायचं ते. पॉलिशपेपर घेऊन बसतो मी, पहिल्यासारखाच."

यांनी मान वळवली. धाकटे, सहा वर्षांत पहिल्यांदा. "बघू," म्हणाले आणि भावजींचा हात उलटा करून स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. एकेक बोट अंगठ्याने चाचपून बघितलं, लाकडाचा पोत बघतात ना, तसं. भावजींनी हात काढून घेतला नाही.

"चालतो हात," हे म्हणाले.

बस्स, एवढंच. टूथपेस्ट नळीत परत गेली, मी या डोळ्यांनी पाहिली.

मग भावजी खाकरले, नाक पुसलं, आणि यांनी विषय बदलला. "मीही एक घेतलंय. छोटं. घासायचं."

"यंत्र? तू?"

"हळू बोल. तुझ्या वहिनीला माहीत नाही. मागच्या खोलीत पोत्याखाली ठेवलंय. ती देवळात गेली की चालवतो."

भावजी असे हसायला लागले की रांगेतले लोक वळून बघायला लागले. आणि मी खांबाआड तोंडात पदर कोंबून! मला माहीत नाही म्हणे. मागच्या खोलीत चार महिने बारीक भुसा पडतोय आणि झाडू कोण मारतं?

पुढचं तुझ्यासमोरच झालं. दोघं एकदम उठले, आधी भावजींचा हिरवा दिवा लागला, मग यांचा अंगठा काही केल्या उमटेना, तेव्हा भावजींनी मागून मनगट धरून दाबलं, "असा नाही, कडेने, कडेने दाब," आणि लागला! सगळ्या रांगेने टाळ्या वाजवल्या. त्या बाईने विचारलं, "तुम्ही दोघं कोण एकमेकांचे?" आणि हे म्हणाले, "भाऊ. धाकटा. ऐकत नाही." सहा वर्षांनी तोंडून 'भाऊ' शब्द फुटला तोही तक्रारीसकट, पण भावजींचा चेहरा बघितलास ना तू?

आता माझं एक ऐक. चार माणसांशिवाय गाडी मिळत नाही, हे खोटं होतं. दोघांनाही मिळत होती, छोटी. हेडफोनवालीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला पत्रात लिहायला मला काही तरी निमित्त हवं होतं.

पण गंमत त्याच्या पुढे आहे. ती सांगत होती तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते. त्यांनीही ऐकलं होतं. आणि तरी वाटेत स्वतःहून "चौघं आणायचे कुठून?" म्हणणारे हेच! काल रात्री जेवताना मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं ना?" तर म्हणाले, "मला त्या यंत्रातलं, आपलं, त्या गाड्यांतलं काय कळतं?" आणि दोनदा वाढून घेतलं.

फोनवरची बंदी उठवली असं धरते. पण हे सगळं फोनवर सांगता आलं नसतं, हे बाजूलाच बसलेत.

तुझी थोरली


२१ मे

धाकटे,

तू काल फोनवर "तुम्ही तिघं जा" म्हणालीस आणि ठेवून दिलास, म्हणून परत लिहायला बसले. फोन ठेवता येतो, पत्र ठेवता येत नाही.

तिघांचे पासपोर्ट आले, शिक्क्यासकट, आणि तुझाच नाही. ऑफिसवाले म्हणतात 'प्रक्रियेत आहे.' प्रक्रिया म्हणजे काय ते त्यांनाही माहीत नाही. निघायला आठवडासुद्धा उरला नाही, तेव्हा तुला काय वाटलं असेल ते मला कळतं. कपाटाच्या दारावर चित्रं तू लावायचीस, आणि जाणार कोण तर त्या देशाचं नाव नीट उच्चारता न येणारे आम्ही तिघं. पण हे ऐक.

आज सकाळी दोघं भाऊ फोनवर बोलले. तासभर. आता रोजचंच झालंय, आधी सहा वर्षं बोलत नव्हते ते बरं होतं असं म्हणायची पाळी आलीय. फोन ठेवून यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तडक प्रवास कंपनीत. मी मागोमाग.

हेडफोनवाली सांगत होती की तारीख बदलली तर विमान दुसरं, हॉटेल दुसरं, तळ्याकाठची खोली मिळेलच असं नाही, सगळं नव्याने जुळवावं लागेल. हे ऐकून घेत होते. तिचं संपल्यावर म्हणाले, "बाळ, आमची गाडी चार माणसांची आहे."

"पण काका, तिघं गेलात तरी गाडी तीच..."

"चार माणसांची आहे," परत म्हणाले. "चौघं किंवा कुणीच नाही. तू नव्याने जुळव. मी बसतो इथे."

आणि बसले. त्या पोरीने हेडफोन नीट केला आणि फोन फिरवायला लागली. दुपारपर्यंत दोन आठवडे पुढची तारीख मिळाली. तळ्याकाठची खोली नाही मिळाली. टेकडीवरची आहे, तळं लांबून दिसतं म्हणे. यांचं मत असं की लांबून दिसलेलं बरं, ओल येत नाही.

तेव्हा रडणं बंद कर आणि रोज एकदा व्हिसावाल्यांना फोन कर. कंटाळून देतील.

तुझी थोरली


९ जून

धाकटे,

शेवटी तुझाही शिक्का आला आणि उद्या निघायचं. तुम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीने इकडे यायला निघालाय, आणि मी बॅगेवर बसून, म्हणजे खरोखर बॅगेवर बसून, ती बंद व्हावी म्हणून, हे लिहितेय. उद्या निघताना गुपचूप पेटीत टाकेन. म्हणजे हे पत्र तुझ्या शिवणवर्गात पोचेल तेव्हा तू माझ्या शेजारी गाडीत असशील, आणि हे तुझ्या हाती पडेल ते परत आल्यावर.

घरात काय चाललंय ते आधी सांगते, कारण तोवर तू विसरली असशील. काल भावजींनी फोन करून यांना बजावलं, "दादा, हत्यारं घेऊ नको, विमानात चालत नाहीत." हे म्हणाले, "मी कशाला घेऊ?" आज बॅगेतून दोन पटाशा, एक करवत आणि पॉलिशपेपरची गुंडाळी निघाली. मी काढते, हे घालतात. शेवटी पॉलिशपेपरवर तडजोड झाली. पहिल्या दिवशी काय बघायचं यावरून दोघांचं पुन्हा वाजलंय. एकाला लाकडी पूल, दुसऱ्याला लाकडी घंटाघर. तुला आणि मला काय बघायचंय ते कुणी विचारलेलं नाही. आपण पहिल्या दिवशी झोपायचं. दुपारपर्यंत. ठरलं.

हेडफोनवाली स्वतः तिकिटं द्यायला घरी आली होती. "काकू, इतके दिवस लोकांना पाठवतेय, पण तुमच्या वेळी मलाच धाकधूक होतेय," म्हणाली. जाताना यांनी तिला पाठीला लावायची एक छोटी गादी दिली. कापड मी निवडलं होतं.

शेजारणीकडे किल्ली दिली, कुंड्यांना पाणी सांगितलं, दूध बंद केलं. गॅस बंद आहे का ते बघून आले. परत एकदा बघून येणार आहे.

मला आत्ता एक मजेशीर गोष्ट सुचतेय. तू हे वाचत असशील तेव्हा तुला सगळं माहीत असेल. तळ्याचं पाणी खरंच नितळ होतं की मासिकवाले खोटं सांगत होते. विमानात कुणाला मळमळलं. भावजी घोरतात ते टेकडीवर पलीकडच्या खोलीत ऐकू आलं का. कुठे वाट चुकलो, कोण कुणावर चिडलं, कुणी कुणाची समजूत घातली, कुठे आपण दोघी इतक्या हसलो की लोक बघायला लागले. तू कोट लटकवून, चहाचा कप घेऊन, शिवणवर्गातल्या खुर्चीत बसली असशील आणि तुझ्याकडे सगळी उत्तरं असतील. माझ्याकडे आत्ता एकही नाही.

पण तरी सांगू का? मला तुझा हेवा वाटत नाही. तुझी सुट्टी संपलीय, बाई. माझी उद्या सुरू होतेय.

खाली रिक्षा थांबली. हे जिन्यावरून अनवाणीच खाली धावलेत. कुणी तरी म्हणतंय, "अरे ती बॅग मला दे, तुझी कंबर." आणि कुणी तरी म्हणतंय, "तुझी काय नवी आहे?" हे जिन्यावरून अनवाणीच खाली धावलेत.

आलात. दार उघडंच आहे, तरी मी येते खाली.

थोरली